चेन पडली, चैन पडेना!

वीकेंड राइडचा प्लॅन करताना आपण रेनकोट, कॅमेरा, भजीचे स्टॉप्स असं सगळं ठरवतो. फक्त एका गोष्टीची आठवण कुणाला होत नाही. गाडीच्या चेनची! मलाही झाली नव्हती. मग ताम्हिणीच्या वाटेवर एका वळणावर तिनेच मला स्वतःची आठवण करून दिली. त्या दिवसाची ही गोष्ट... आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून थोडे फंडे!

"ताई, गाडी मागून कसला तरी आवाज करतेय गं!"

धाकटीने मागच्या सीटवरून ओरडून सांगितलं, तेव्हा आम्ही मुळशीच्या पुढे आलो होतो. २०२४च्या जुलैमधला रविवार. धुवांधार पाऊस, दोन्ही बाजूंना हिरवागार डोंगर, प्रत्येक वळणावर एक नवा धबधबा. अशा वेळी आवाजबिवाज कोण ऐकतं? "पावसाचा असेल," असं म्हणून मी पुढचं वळण घेतलं. वळताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला, वळण संपल्यावर परत पिळला...

खट्ट!

इंजिन नुसतंच किंचाळलं, गाडी पुढे जाईना. दुसऱ्याच क्षणी मागचं चाक जाम झालं. ओल्या रस्त्यावर गाडी सरकत गेली आणि आम्ही दोघी खाली. मी उठून मागे बघते तर एसटी! ड्रायव्हरकाकांनी वेळेवर ब्रेक मारला म्हणून आज हा लेख लिहितेय, नाहीतर माझ्यावर कुणीतरी चार ओळी लिहिल्या असत्या.

गाडीची चेन पडली होती. नुसती पडून लोंबत राहिली नव्हती, तर मागचं दातेरी चक्र आणि चाक धरणारा चिमटा यांच्या मधोमध जाऊन अडकली होती. धाकटीच्या गुडघ्याला तीन टाके पडले. आईला आम्ही अजूनही "पाय घसरला" असंच सांगितलंय. त्यामुळे आई, हा अंक तुझ्या हातात पडलाच तर प्लीज पान उलट!

'टिक' केलं की झालं?

एका टेम्पोवाल्या दादांनी गाडी पौडपर्यंत आणून दिली. संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काम केलं ते सर्व्हिसिंगची पावती शोधायचं. फक्त तीन आठवड्यांपूर्वीची पावती! त्यावर छापील यादी होती आणि 'चेन क्लीनिंग', 'चेन लुब्रिकेशन', 'चेन अ‍ॅडजस्टमेंट' या तिन्ही ओळींसमोर निळ्या पेनाने सुबक टिकमार्क. गाडी चकाचक धुऊन, वर पॉलिश मारून दिली होती. चेनला मात्र कुणी बोटही लावलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरवर मी चिडले, फोनवर भांडले, सगळं केलं. पण रात्री झोप येईना, कारण खरी गोष्ट मला माहीत होती. तो आवाज मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकला नव्हता. जवळजवळ महिनाभर गाडी मागून खळखळ करत होती. सिग्नलवरून निघताना हलका झटकाही बसायचा. दर वेळी मी म्हणायचे, बघू पुढच्या रविवारी. चार रविवार गेले आणि पाचव्या रविवारी मागे बहीण बसली होती.

मास कम्युनिकेशनला आम्हाला शिकवलं होतं, बातमी स्वतः जाऊन तपासा, दुसऱ्याने सांगितलं म्हणून छापू नका. हा नियम मी गाडीला कधीच लावला नव्हता!

काकांची शाळा

नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांच्या गर्दीत एक दोन-गाळ्यांचं गॅरेज आहे. तिथले काका गेली कित्येक वर्षं आमच्या बाबांची गाडी बघतात. मी सर्व्हिस सेंटरच्या एसी वेटिंग रूमच्या प्रेमात पडून त्यांना सोडलं होतं. आता तोंड लपवत गाडी त्यांच्याकडे ढकलत नेली.

काकांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. गाडी डबल स्टँडला लावली, चेन परत चढवली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायला लागले. दुसऱ्या हाताचं बोट खालच्या बाजूच्या चेनवर. "बघ पोरी, इथे किती हलतेय?" चेन चांगली पाच सेंटिमीटर वरखाली होत होती. चाक अजून थोडं फिरवलं. "आणि आता?" आता ती जेमतेम एक सेंटिमीटर हलत होती!

एकच चेन, पण एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी टाईट. असं का? काकांनी चेनची कडी बोटांनी वाकवून दाखवली. काही कड्या गंजून आखडल्या होत्या, वाकवल्या तरी सरळ होत नव्हत्या. पावसात भिजलेली चेन तशीच वाळली की हे असं होतं. मागच्या स्प्रॉकेटचे दात झिजून मांजराच्या नखांसारखे एका बाजूला वळले होते. अशा दातांवर चेन बसणार कशी? ती उडी मारणारच.

मला आजवर वाटायचं, चेन रबरासारखी ताणली जाते. तसं काही नसतं! चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती एक बुश असतं. धूळ आणि घर्षणाने हे दोन्ही आतून झिजतात. दीडशे सीसीच्या गाडीच्या चेनला साधारण १२० सांधे धरा. प्रत्येक सांध्यात फक्त कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिलिमीटर झीज झाली तरी एकूण लांबी १२ मिलिमीटरने वाढते. आपल्या डोळ्याला काही दिसत नाही, पण चेन सव्वा सेंटिमीटरने ढिली झालेली असते.

काकांचा निकाल स्पष्ट होता. पूर्ण चेन-सेट बदला. म्हणजे चेन, पुढचं छोटं स्प्रॉकेट आणि मागचं मोठं स्प्रॉकेट, तिन्ही एकदम. "नुसती चेन बदलली तर?" असं मी (पैसे वाचवायच्या आशेने) विचारलं. काका म्हणाले, जुने झिजलेले दात नव्या चेनला काही महिन्यांत खाऊन टाकतील. मजुरी धरून दोन हजारांच्या आत काम झालं. टाक्यांचं बिल त्याहून जास्त होतं.

टाईट म्हणजे सेफ?

नवीन चेन बसली. मी म्हटलं, "काका, एकदम टाईट करा हं! परत पडायला नको."

काका पहिल्यांदाच हसले. "बस गाडीवर," म्हणाले. मग गॅरेजमधल्या पोराला माझ्या मागे बसवलं. वजन पडून गाडी खाली दबली. "आता वाकून बघ चेनकडे." मघाशी छान सैल दिसणारी चेन आता बरीच ताठ झाली होती!

त्यामागचा फंडा असा. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, तो खड्ड्यांवर आणि वजनाने वरखाली होतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पुढचा सांधा आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त ताण बसतो. त्या क्षणासाठी चेनमध्ये थोडी ढील मुद्दाम ठेवायची असते. रिकाम्या गाडीवरच चेन तारेसारखी ताठ केली तर डबलसीट बसून पहिल्या खड्ड्यात जाताच तिला जागाच उरत नाही. तो सगळा ताण मग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. तुटलीच तर चेन तुटते, नाही तुटली तर इंजिन खोलायची वेळ येते.

"ढिली चेन बोंबलून सांगते," काका म्हणाले. "टाईट चेन गप्प बसते आणि गिअरबॉक्स खाते."

त्या दिवसापासून 'जरा टाईट करून द्या' हे वाक्य मी बंद केलं. किती ढील ठेवायची, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बऱ्याच कम्युटर गाड्यांना हा आकडा २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. उंच सस्पेन्शनच्या ऑफ-रोड टाइप गाड्यांना जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. अनेक गाड्यांवर तो चिमट्यावरच्या स्टिकरवरही छापलेला असतो. मी तीन वर्षं त्या स्टिकरवरचा चिखल पुसला नव्हता!

माझा पहिला प्रयोग (आणि पहिली फजिती)

पुढच्या महिन्यात मी ठरवलं, आता आपणच करायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुना पेपर अंथरला, पाने मांडले. वॉचमनकाका खुर्ची घेऊन समोर येऊन बसले. फुकटचा शो!

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध खालच्या चेनला पट्टी लावून मोजलं. चेन बोटाने वर ढकलायची, मग खाली ओढायची आणि मधलं अंतर बघायचं. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच जागी मोजायचं. जिथे चेन सगळ्यात टाईट, ती जागा धरून अ‍ॅडजस्ट करायचं. सगळ्यात ढिली जागा धरून टाईट केलं, तर टाईट जागी चेन ताठ होणार.

मग एक्सलचा मोठा नट ढिला केला. तो इतका घट्ट होता की पान्यावर उभं राहायची वेळ आली. चिमट्याच्या दोन्ही टोकांना चेन अ‍ॅडजस्टरचे नट असतात. ते फिरवले की चाक मागे सरकतं आणि चेन ताणली जाते. इथे घाई नको. डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा आणि परत मोजा. दोन्ही बाजूंना चिमट्यावर खुणा असतात. अ‍ॅडजस्टर दोन्हीकडे सारख्याच खुणेवर यायला हवा. नाही आला तर चाक तिरकं बसतं, चेन स्प्रॉकेटवर तिरकी धावते आणि दात एका बाजूने झिजायला लागतात.

ढील बरोबर आली, खुणा जुळल्या, एक्सलचा नट आवळला. वॉचमनकाकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी ऐटीत गाडी काढली... आणि कर्वे रोडवर दहा मिनिटांत जळका वास! गाडीही ओढल्यासारखी चालत होती. मागच्या चाकाजवळ हात नेला तर ड्रम तापलेला.

काकांना फोन. "ब्रेक सैल केलास का?" ब्रेक? ब्रेकचा काय संबंध?

संबंध असा, की माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड आपोआप ताणला जातो आणि ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. म्हणून चेन अ‍ॅडजस्ट केली की मागच्या ब्रेकचा नटही अ‍ॅडजस्ट करायचा, पेडलला मॅन्युअलप्रमाणे ढील ठेवायची आणि चाक हाताने मोकळं फिरतंय ना, हे बघायचं. ब्रेक प्लेट धरणारी पट्टी असेल तर तिचा नटही आवळलाय ना, ते तपासायचं. मागे डिस्क ब्रेक असेल तर रॉडची भानगड नाही.

आणखी एक. एक्सलचा नट हा खेळ नाही. तो किती आवळायचा याचाही आकडा असतो आणि त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. माझ्याकडे तो नाही. म्हणून काम झालं की मी सावकाश काकांकडे जाते आणि तो एक नट त्यांच्याकडून चेक करून घेते. यात कमीपणा कसला?

तेल लावा, पण...

चेन अ‍ॅडजस्ट करण्यापेक्षा सोपी आणि जास्त गरजेची गोष्ट म्हणजे ती स्वच्छ करून तेल लावणं. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजून आलात तर लगेच.

चेनच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काही जण काहीच लावत नाहीत. काही जण गॅरेजमधून जळकं ऑइल मागून आणतात आणि भसाभसा ओततात. जळक्या ऑइलमध्ये इंजिनमधला कचरा असतो, तो चेनला कशाला हवा? बाहेरून थापलेल्या जाड ग्रीसचंही तेच. त्यावर पुण्यातली धूळ चिकटली की झालं पॉलिश पेपर तयार! तोच मग चेन घासत बसतो.

बऱ्याच नव्या गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात बारीक रबरी ओ-रिंग असते. ती आतलं ग्रीस आत आणि धूळ बाहेर ठेवते. अशा चेनला पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य! रबर खराब झालं की आतलं ग्रीस गेलं. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि जुनी चिंधी एवढं पुरतं. पुसून कोरडी करा आणि मग चेन ल्यूब किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेलं गिअर ऑइल लावा. खालच्या चेनच्या आतल्या बाजूने लावलं की चेन फिरताना ते आपोआप बाहेरपर्यंत पोचतं. राइडवरून आल्यावर चेन कोमट असताना लावलं तर आणखी छान. रात्रभर मुरू द्या, जास्तीचं पुसून टाका.

आणि हात जोडून एक विनंती. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनवर चिंधी धरायची आयडिया डोक्यात येऊसुद्धा देऊ नका. वेळ वाचतो म्हणून भलेभले हे करतात. चिंधी अडकली की पाठोपाठ बोट स्प्रॉकेटमध्ये जातं. चाक हातानेच फिरवायचं. पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या.

तुमची गाडी चेन पूर्ण झाकणाऱ्या कव्हरची असेल, तर "आमच्याकडे हा प्रॉब्लेमच नाही" असं समजू नका. धूळ कमी जाते हे खरं, पण चेन दिसतच नसल्याने ती आठवतही नाही. त्या कव्हरला बहुतेक वेळा एक छोटं रबरी बूच असतं. ते काढलं की आत बोट घालून ढील बघता येते. बऱ्याच जणांना ते बूच कशासाठी आहे हेच माहीत नसतं!

सव्वाशे वर्षांहून जुनी, तरी फिट

आपण ज्या चेनकडे ढुंकूनही बघत नाही, ती मूळची कुणाची? मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये १८८०मध्ये ही बुश-रोलर चेन बनवली. राइट बंधूंच्या १९०३च्या विमानातही इंजिनकडून पंख्यांपर्यंत ताकद चेननेच पोचवली जात होती. आज मोबाइल वर्षाला बदलतो, पण रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक बाइक्सची चेन तत्त्वाने तीच आहे. तिची मागणीही तेवढीच साधी आहे. थोडी स्वच्छता, थोडं तेल आणि मोजून थोडी ढील.

गेल्या महिन्यात आम्ही दोघी परत ताम्हिणीला गेलो. निघायच्या आदल्या रात्री मी पार्किंगमध्ये चेन मोजत होते, तेव्हा धाकटी चहा घेऊन खाली आली. गुडघ्यावरची खूण दाखवत म्हणाली, "ताई, नीट बघ हं." मग माझ्या हातातली पट्टी घेऊन तिने स्वतःच परत एकदा मोजलं.

पंचवीस मिलिमीटर. ओके.

त्या वळणावर आम्ही थांबलो. इंजिन बंद केलं, पाऊस ऐकला. मग गाडी सुरू करून पुढे निघालो. मागून आवाज आला, तो फक्त धाकटीच्या बडबडीचा!

संडे मॉर्निंग चेकलिस्ट

• इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, सपाट जागी. किल्ली खिशात!

• मॅन्युअल किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर ढिलीचा आकडा आणि मोजायची पद्धत (डबल स्टँड की साइड स्टँड) बघा.

• चाक फिरवत चार-पाच जागी मोजा. ढिलीत खूप फरक असेल किंवा कड्या आखडल्या असतील, तर अ‍ॅडजस्ट करत बसू नका. चेन-सेट बदलायची वेळ झालीय.

• मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन संपली.

• दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. एक्सलचा नट आवळल्यावर ढील परत मोजा, कारण आवळताना ती बदलू शकते.

• मागचा ब्रेक, पेडलची ढील आणि ब्रेक लाइट तपासा.

• चेन-लॉकची क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. उलटी बसवली तर निघून पडू शकते.

• टायर आणि ब्रेक ड्रम किंवा डिस्कवर तेलाचा थेंबही नको.

• सर्व्हिसिंगहून गाडी आणल्यावर टिकमार्क बघू नका, चेन बघा!